बेळगावहून बेंगळुरूला: राजधानी पायी बघायची तर

आपल्याकडची माणसं बेंगळुरूला जातात ती कामाला. मुलाची मुलाखत, सचिवालयात अडकलेली फाईल, किदवई कॅन्सर इस्पितळात कुणाला तरी दाखवायचं, नाहीतर जावयाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. काम झालं की त्याच रात्रीची गाडी. वीस वेळा जाऊन आलेल्या माणसाला विचारा, 'काय बघितलंस गा तिथं?' उत्तर ठरलेलं: मॅजेस्टिकचा बस स्टँड आणि ट्रॅफिक. मीही बरीच वर्षं त्यातलाच होतो. मग एकदा आईला घेऊन तीन दिवस फक्त शहर बघायला म्हणून गेलो, आणि इतकी वर्षं काय सोडून येत होतो ते कळलं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पहिल्यांदा फिरायला निघणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

माझा आग्रह एकच आहे. मॉल आणि आयटी पार्क राहू द्या, ते पुण्यातही आहेत. जुनं शहर बघा, आणि पायी बघा. या शहराच्या जुन्या भागात मराठी माणसाच्या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या खुणा आहेत. आपल्या सातबाऱ्यापासून विधानसभेपर्यंतचा सगळा कारभार जिथून चालतो, त्या गावात आपण नुसते अर्जदार म्हणून का वावरायचं?

आधी दिवस ठरवा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस ठाण मांडून बसतो, तेव्हा बेंगळुरूत जून-जुलैला बहुतेक नुसती भुरभुर असते. तिथला जोराचा पाऊस एप्रिल-मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरात, तोही बहुतेक संध्याकाळी, तासाभरात रस्ते तुंबवणारा. या महिन्यांत जाणार असाल तर बघण्याची ठिकाणं सकाळी उरका आणि चार वाजल्यानंतर लांबचा बेत ठेवू नका. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून जास्त उंचीवर आहे, म्हणजे बेळगावपेक्षाही उंच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात चांगले. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास लालबागेत पुष्पप्रदर्शन असतं. फुलांची हौस असेल तर तेव्हा जा, पण गर्दीची तयारी ठेवून.

गाडी

रात्रीची रेल्वे सगळ्यात बरी. संध्याकाळी-रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, लॉजची एक रात्र वाचते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस जुनी आणि भरवशाची, शिवाय बेळगावहूनच सुटणारी सुपरफास्टही आहे. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही सुरू झाली आहे. ती पहाटे बेळगाव सोडते आणि साधारण साडेआठ तासांत दुपारी पोचवते. वयस्कर माणसांना बसून जायला चांगली, पण तुमचा एक अख्खा दिवस तिच्यात जातो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपती, दसरा, दिवाळीच्या आसपास जायचं असेल तर त्याच दिवशी सकाळी तिकीट काढा, नंतर हाती वेटिंगच लागतं.

स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांना एकच सांगणं: शहरात ती चालवू नका. तुमकूर रोडवरून आत शिरताना मेट्रोची ग्रीन लाईन रस्त्याच्या सोबतीने धावते. तिथंच एखाद्या स्टेशनाजवळ खोली घ्या, गाडी लॉजच्या आवारात लावा आणि पुढचे दिवस मेट्रोने फिरा. मोटार असण्याचा एक फायदा मात्र खरा आहे. वाटेत दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेरे गावी शहाजीराजांची समाधी आहे. १६६४ मध्ये त्या भागात त्यांचं निधन झालं. हायवे सोडून बरंच आत जावं लागतं, पण मराठी माणसाने एकदा तरी तिथं जाऊन डोकं टेकवून यावं असं मला मनापासून वाटतं.

उतरल्यावर पहिला तास

गाडी ज्या स्टेशनात शिरते त्याचं नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा. हा वीर आपल्या जिल्ह्यातला. बैलहोंगल तालुक्यातल्या संगोळ्ळीचा, आणि त्याला फाशी दिलं ते आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, १८३१ मध्ये. नंदगडची समाधी पाहिलेल्या माणसाला राजधानीच्या दारावरच तेच नाव वाचताना कसं वाटतं, ते तिथं उभं राहूनच कळतं.

हा पहिला तास जपून घालवा. माझ्या पहिल्या फेरीत पहाटे पाचला बाहेर पडल्या पडल्या एका रिक्षावाल्याने बॅग उचलली, अर्धा तास फिरवलं आणि तीनशे रुपये घेतले. उजाडल्यावर बघतो तर लॉज स्टेशनच्या मागच्याच गल्लीत! तेव्हापासून माझा नेम असा: उतरल्यावर आधी स्टेशनातच तोंड धुवायचं, चहा घ्यायचा, उजाडू द्यायचं. खोली दुपारी मिळणार असेल तर सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं. त्यासाठी बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं. मग बाहेर. समोरच मॅजेस्टिकचा बस स्टँड, आणि तिथंच मेट्रोचं मोठं जंक्शन. पर्पल आणि ग्रीन या दोन्ही लाईन इथं एकमेकींना छेदतात. मेट्रो पहाटे सुरू होते, पण रविवारी सात वाजता. रविवारी पोचणाऱ्यांनी हे विसरू नये. एक स्मार्ट कार्ड काढून टाका, दर वेळी रांगेत उभं राहावं लागत नाही.

रिक्षाचं मीटर १ ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या २ किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १८ रुपये, रात्री दहा ते पहाटे पाच दीडपट. मीटर टाकायला तयार असलेला रिक्षावाला भेटला तर नशीब, नाहीतर अॅपवरून बोलवावी. 'मीटर हाकि' एवढं म्हणून बघायला मात्र हरकत नाही.

महिलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास फुकट आहे, आणि तो बेंगळुरूच्या शहर बसमध्येही चालतो. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार कार्ड दाखवायचं आणि कंडक्टरकडून शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं. ते हातात असलंच पाहिजे. एसी बसला ही सवलत नाही, मेट्रोलाही नाही. आणि सोबत चंदगडची नणंद किंवा कोल्हापूरची बहीण असेल तर तिचं तिकीट काढावं लागणार, कारण तिच्या आधारवर महाराष्ट्र आहे. एकाच घरातल्या दोघींना दोन नियम, हे सीमाभागात राहणाऱ्यांना काही नवीन नाही.

राहायला मॅजेस्टिक-गांधीनगरात स्वस्त लॉज पुष्कळ आहेत, गडबडही तितकीच. बायका-मुलं सोबत असतील तर मी मल्लेश्वरम किंवा शेषाद्रिपुरम सुचवेन. पैसे देण्याआधी खोली बघा आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं ते विचारा.

पहिला दिवस: पेठ

सकाळी सहाला के. आर. मार्केटला जा. मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं आहे. फुलांच्या ढिगांमधून चालताना पायाखाली चिखल आणि पाकळ्यांचा राडा असतो, तेव्हा घट्ट पट्ट्याची चप्पल हवी. तिथून चालत किल्ल्याच्या उरलेल्या दरवाजाशी आणि टिपूच्या उन्हाळी महालाशी जाता येतं. हा दुमजली लाकडी महाल १७९१ मध्ये पुरा झाला. अर्ध्या तासात बघून होतो.

खरी मजा पुढच्या गल्ल्यांत. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास मातीचा कोट बांधून हे गाव वसवलं आणि धंद्याप्रमाणे पेठा पाडल्या. कन्नडमधलं 'पेटे' म्हणजे आपली पेठच. अक्कीपेटे म्हणजे तांदळाची पेठ, बळेपेटे बांगड्यांची. आता बळेपेटेत वाद्यांची दुकानं जास्त दिसतात. रविवार पेठेतून, गणपत गल्लीतून चालायची सवय असलेल्या माणसाला इथं हरवल्यासारखं वाटत नाही. तीच अरुंद गल्ली, तसाच हमाल 'बाजूला व्हा' म्हणून ओरडणारा, दुकानाच्या पायरीवर तसाच गादी टाकून बसलेला शेठ. चिक्कपेटेत रेशमी साड्या घ्यायच्या असतील तर पहिल्या दुकानात घेऊ नका, तिसऱ्यात घ्या. अव्हेन्यू रोडला जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत.

याच शहरात शहाजीराजे राहिले. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर ते इथं आले, आणि बेंगळुरू त्यांना जहागीर मिळालं. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ इथंच वाढले. जिजाऊ लहानग्या शिवरायांना घेऊन इथं येऊन राहिल्या आणि मग पुण्याला परतल्या. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी थाटली आणि इतक्या लांबचं बेंगळुरू सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाखांचा व्यवहार ठरला. तेवढ्यात १६८७ मध्ये मुघलांच्या कासिमखानाने शहर घेतलं, आणि शेवटी ते म्हैसूरकडेच गेलं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं ही भोसल्यांची जहागीर होती. आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपलेला हा इतिहास त्या गल्ल्यांतून फिरताना वेगळाच वाटतो.

चैत्र पौर्णिमेला तुम्ही तिथं असाल तर रात्र जागून करगा बघा. तिगळरपेटेतल्या धर्मराय मंदिरातून द्रौपदीच्या नावाचा फुलांनी मढवलेला करगा, म्हणजे डोक्यावर घेतलेला घट, निघतो आणि पेठेतून फिरताना तवक्कल मस्तान दर्ग्यालाही जातो.

दुसरा दिवस: विधानसौध ते लालबाग

कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं भवन, सुवर्णसौध, आपल्या हलग्याला हायवेकडेलाच आहे, २०१२ पासून. हिवाळी अधिवेशन आलं की बेळगावात बंदोबस्त किती असतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्याची थोरली बहीण, विधानसौध, इथं बघा. मुख्यमंत्री असताना केंगल हनुमंतय्यांनी मनावर घेऊन बांधवून घेतलेली ही पांढऱ्या ग्रॅनाईटची इमारत १९५६ मध्ये पुरी झाली. दर्शनी भागावर कन्नडमध्ये कोरलं आहे: सरकारचं काम हे देवाचं काम. पर्पल लाईनचं विधानसौध स्टेशन दाराशीच आहे. २०२५ पासून रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी लोकांना आतून बघता येतं, पण आधी ऑनलाईन नोंदणी करायची आणि मूळ ओळखपत्र न्यायचं. समोरची लाल इमारत हायकोर्टाची. तिच्या मागून कब्बन पार्कात शिरा. मुलं सोबत असतील तर कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय ठेवा, तीन तास सहज जातात. बेंगळुरू पॅलेस वगैरे वेळ उरला तर.

लालबागेला मात्र अर्धा दिवस द्या. हैदरअलीने १७६० मध्ये सुरुवात केलेली ही बाग २४० एकरांची आहे. काचघर १८८९ चं. पण काचघराचा फोटो काढून परत फिरू नका. आत एक मोठा उघडा खडक आहे, वर केंपेगौडाचा बुरूज. हा खडक जवळपास ३०० कोटी वर्षांचा. आपल्या बेळगावच्या भुईतला काळा दगड ज्वालामुखीचा, त्याचं वय साडेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे याच्यासमोर तो कालचं पोर. मी त्या खडकावर हात टेकवून बसलो होतो. राखाडी-गुलाबी पट्टे, मध्ये पांढऱ्या गारेची शीर, आणि सकाळी दहाच्या उन्हात तो बसण्याइतकाच कोमट. शाळेच्या सहली त्यावरून धावत जात होत्या.

किदवई आणि मेंदू-मनाच्या आजारांचं निम्हान्स ही दोन्ही मोठी इस्पितळं होसूर रोडला, लालबागेपासून फार लांब नाहीत. आपल्याकडचे कितीतरी लोक तिथं पेशंटसोबत दिवसच्या दिवस काढतात. सोबतीला दुसरं माणूस असेल तर पाळी लावा आणि सकाळचे दोन तास लालबागेत चालून या. मी हे केलेलं आहे, आणि त्या दोन तासांनी पुढचा आठवडा निभावला. हृदयरोगाच्या जयदेव इस्पितळाला जायचं असेल तर नव्या यलो लाईनवर त्याच नावाचं स्टेशन आहे.

खाणं

'दर्शिनी' म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. आधी काउंटरवर पैसे देऊन टोकन घ्यायचं, मग ते खिडकीत द्यायचं. टेबलाशी बसून वेटरची वाट बघत राहिलात तर कोणी येणार नाही. खारा भात आणि केसरी भात एकाच ताटलीत हवा असेल तर 'चौ चौ भात' म्हणा. कॉफी दोघांत एक हवी तर 'बाय टू', याला कोणी हसत नाही, मोठमोठी माणसं तशीच घेतात. डोशासाठी गांधी बझारातलं १९४३ पासूनचं विद्यार्थी भवन, पण शुक्रवारी ते बंद असतं. लालबागेजवळ एमटीआर आहेच. आईचा शेरा असा होता: "इडली मऊ हाय खरं, सांबार गोड हाय की रे." तेव्हा तिखटाशिवाय चालत नसेल तर घरची चटणीची पुडी बरोबर ठेवा.

दोन दिवस भात खाऊन भाकरीची आठवण आली की 'उत्तर कर्नाटक' अशी पाटी असलेली खानावळ शोधा. तिथं ज्वारीची भाकरी, एण्णगाई म्हणजे भरली वांगी, आणि शेंगाचटणी मिळते. मांसाहारासाठी 'मिलिटरी हॉटेल' हा इथला जुना शब्द. जयनगरातल्या शिवाजी मिलिटरी हॉटेलची दोन्ने बिर्याणी प्रसिद्ध आहे. दोन्ने म्हणजे आपला द्रोण.

भाषेची भीती बाळगू नका. आपण बोलतो ती कन्नड उत्तरेकडची, 'बर्री, हेळ्री' वाली. ती ऐकली की समोरचा हमखास विचारतो, हुबळीकडचे का? चार शब्द मोडके बोलाल, पण बोला. 'एष्टु' (किती), 'एल्लि' (कुठं), 'इल्ले निल्सि' (इथंच थांबवा), 'साकु' (पुरे) एवढ्यावर दिवस निघतो. पाट्या कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या पिढीला त्या भरभर वाचता येत नाहीत, पण मुलांना येतात. आमच्या घरात या कामाला पुतण्या सोबत घेतो, तो मोठ्या अभिमानाने वाचून दाखवतो.

शेवटचा दिवस: गविपुरम आणि मल्लेश्वरम

सकाळी बसवनगुडीचा मोठा नंदी बघून जवळच्या गविपुरमला जा. गवी गंगाधरेश्वर हे गुहेतलं देऊळ. मकर संक्रांतीला मावळतीची किरणं नंदीच्या शिंगांमधून थेट पिंडीवर येतात. इथंच मराठा समाजाचा गोसावी मठ आहे. तिथं कन्नडमिश्रित जुनी मराठी कानावर पडली तर थांबून बोला, त्यांनाही आनंद होतो.

दुपारनंतर ग्रीन लाईनने संपिगे रोड. संपिगे म्हणजे चाफा. मल्लेश्वरममध्ये क्रॉस क्रमाने आहेत, आठव्या क्रॉसला बाजार, पंधराव्याला काडु मल्लेश्वराचं देऊळ. काडु म्हणजे रान. आता भोवती सगळी घरं आहेत, तरी झाडांमुळे नाव शोभतं. या देवाला १६६९ मध्ये व्यंकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिलं, तसा शिलालेख इथं आहे. अक्षर कन्नड, नाव एकोजीचं, म्हणजे व्यंकोजीराजांचंच. मराठी राजाने कन्नड मुलखातल्या देवाला कन्नड लेख कोरून दान दिलं. सीमाभागात भाषेवरून इतकं सोसलेल्या माणसाने त्या दगडापुढे दोन मिनिटं उभं राहावं. मी राहिलो, आणि मला भरून आलं. समोरच्या नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून पिंडीवर अखंड पाणी पडतं. ते कुंड मातीखाली गाडलेलं होतं, १९९७ मध्ये उकरून काढलं.

आठव्या क्रॉसला आईने मोगऱ्याचा गजरा मागितला. फुलवालीने माळ उचलली, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकदा धरली, दुसऱ्यांदा धरली आणि कात्रीने कापली. 'एरडु मोळ.' आईने तिचा हात बघितला, मग स्वतःचा हात शेजारी धरला आणि मराठीतच म्हणाली, "माझा हात लांब हाय बाई, माझ्या हातानं मोज." फुलवालीला शब्द कळला नाही, हात कळला. हसली आणि चार बोटं जास्त घातली.

परतीचं तिकीट काढतानाच एक गोष्ट करून ठेवा. बेळगावकडे येणाऱ्या गाड्या यशवंतपूरलाही थांबतात आणि मल्लेश्वरमहून ते स्टेशन जवळ आहे. गाडीचा थांबा बघून चढण्याचं ठिकाण यशवंतपूर टाका, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी मॅजेस्टिकच्या गर्दीत परत जावं लागत नाही. मात्र असं करायचं तर सकाळीच खोली सोडताना सामान तिकडच्या बाजूला नेऊन ठेवा. फुलं न्यायची असतील तर केळीच्या पानात बांधून मागा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तुमकूरच्या पुढे टिकत नाहीत. आईचा गजरा पानात बांधलेला होता, लोंढ्याला पहाटे चहा घेतला तेव्हाही ताजा होता.